तालिकेपासून संकेतस्थळापर्यंत : विद्यापीठ-ग्रंथालयातील लेखनाधिकाराचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

विद्यापीठाच्या ग्रंथालयात येणारा आजचा वाचक दारापाशी पोहोचण्यापूर्वीच ग्रंथालयाने लिहिलेला पुष्कळसा मजकूर वाचून आलेला असतो. वाचनकक्ष किती वाजता उघडतो, कोणती नियतकालिके येतात, देवघेवीचे नियम काय आहेत, जुना प्रबंध पाहावयाचा असल्यास कोणाकडे अर्ज करावा लागतो, हे सर्व त्याला ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून कळलेले असते. ह्या मजकुराला दाखलनोंद क्रमांक नसतो. त्याचे वर्गीकरण होत नाही आणि तो कोणत्याही कपाटात ठेवला जात नाही. तथापि ग्रंथालय आपल्या वाचकाला जे सांगते त्याचा मोठा भाग आता हाच होय. तो कोण लिहितो, कोण तपासतो, कोण काढून टाकतो आणि काढून टाकल्यानंतर त्याचे काय होते, हे प्रश्न केवळ ग्रंथालयाच्या कारभाराचे नाहीत. विद्यापीठांचा इतिहास पुढे जो कोणी लिहील त्याच्या साधनांचाही हा प्रश्न आहे.

ग्रंथालयीन संकेतस्थळांचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी संगणक आला, मग जाळे आले, मग आशय-व्यवस्थापन प्रणाली आली, असा तो क्रम असतो. हा क्रम चुकीचा नाही. परंतु त्याने मुख्य गोष्ट झाकली जाते. ग्रंथालयांनी गेल्या दोन शतकांत एकच कृती पुन्हा पुन्हा केली आहे. एकसंध असलेला मजकूर सुट्या घटकांत मोडावयाचा आणि ते घटक हवे तेव्हा, हवे तेथे मांडता येतील अशी व्यवस्था करावयाची, ही ती कृती. प्रत्येक वेळी त्यातून सोय वाढली, लिहिणाऱ्यांची संख्या वाढली, आणि प्रत्येक वेळी नियमांची नव्याने गरज पडली. आशय-व्यवस्थापन प्रणाली ही ह्या मालिकेतील अलीकडची पायरी आहे. मात्र तिच्यात जे गमावले जाते ते आधीच्या पायऱ्यांहून अधिक आहे.

२. सुटी चिठ्ठी

फ्रान्समधील क्रांतीनंतर धर्मसंस्थांची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात आली आणि तिच्याबरोबर असंख्य ग्रंथही आले. त्यांची मोजदाद करण्यासाठी १७९१ मध्ये ज्या सूचना निघाल्या, त्यांत ग्रंथाची नोंद खेळण्याच्या पत्त्याच्या कोऱ्या पाठीवर करण्याची योजना होती. एका ग्रंथास एक पत्ता. पत्ते हवे तसे लावता येत. बांधीव वहीत नोंद एकदा लिहिली की तिची जागा ठरून जाते, आणि नवा ग्रंथ आला की समासात कोंबाकोंबी करावी लागते. सुट्या पत्त्याने ही अडचण दूर केली.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये हीच अडचण अधिक मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. तेथील मुद्रित ग्रंथांचे पालक अँटोनिओ पानिझ्झी यांनी १८४१ मध्ये तालिकेसाठी ९१ नियम प्रसिद्ध केले. त्याच वर्षी छापील तालिकेचा पहिला खंडही निघाला. तो ‘ए’ ह्या अक्षराचा होता. छपाई तेथेच थांबली. संग्रह ज्या वेगाने वाढत होता त्या वेगाने छापील ग्रंथ जुना ठरत होता. पुढे सुमारे १८५० पासून हस्तलिखित चिठ्ठ्या मोठ्या खंडांच्या पानांवर अशा रीतीने चिकटविल्या जाऊ लागल्या की, मध्ये नवी नोंद आली तर जुनी चिठ्ठी उचलून पुढे सरकविता यावी. खंड बांधीव राहिला, परंतु त्यातील नोंद चल झाली. १८८१ पासून तालिका पुन्हा छापली जाईपर्यंत ही व्यवस्था चालली.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, चल चिठ्ठी आणि ९१ नियम ही दोन्ही एकाच काळातील निर्मिती होय. तालिका एकाच विद्वानाच्या हातची असते तोवर नियम त्याच्या डोक्यात राहू शकतात. अनेक लेखनिक जेव्हा सुट्या चिठ्ठ्या लिहू लागतात, तेव्हा ग्रंथकाराचे नाव कसे लिहावे, टोपणनावाचे काय करावे, निनावी ग्रंथ कोठे लावावा, हे कागदावर ठरवावेच लागते. नियमावली ही वाटून दिलेल्या लेखनाधिकाराची किंमत असते.

हार्वर्ड येथे एझ्रा ॲबट यांनी १८६१ पासून वाचकांसाठी कार्डांची तालिका सिद्ध करण्यास प्रारंभ केला. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ पासून छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकण्यास सुरुवात केली. एका ठिकाणी लिहिलेली नोंद शेकडो ठिकाणच्या खणांत जाऊन बसू लागली. भारतात रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रे मांडताना ग्रंथालय ही वाढती संस्था आहे हे पाचवे सूत्र सांगितले, त्याचा प्रत्यक्ष अर्थ तालिकेच्या खणात रोज दिसत असे. जी वाढते तिची नोंद बांधीव असून चालत नाही.

३. नोंदीतील रकाने

कार्डावरील मजकूर मनुष्याला कळतो, कारण ग्रंथकार कोठे संपला आणि ग्रंथनाम कोठे सुरू झाले हे त्याला डोळ्यांनी दिसते. यंत्राला ते सांगावे लागते. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली १९६६ ते १९६८ ह्या काळात मार्क ह्या यंत्रवाचनीय नोंदीचा प्रयोग झाला. ग्रंथकार, ग्रंथनाम, प्रकाशन, विषय अशा प्रत्येक भागाला अंकांची खूण देण्यात आली. आता नोंद म्हणजे कार्डावरचा मजकूर राहिला नाही. नोंद म्हणजे रकान्यांचा संच झाला, आणि कार्ड हे त्या संचाचे केवळ एक संभाव्य रूप ठरले. १९६७ मध्ये ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी स्थापन केलेल्या ओसीएलसी ह्या संस्थेने २६ ऑगस्ट १९७१ रोजी सामायिक तालिकीकरण प्रत्यक्ष सुरू केले. ह्याच संस्थेने १ ऑक्टोबर २०१५ रोजी शेवटची छापील तालिकापत्रे काढली. रूप गेले तरी रकाने राहिले.

आशय आणि त्याचे दृश्य रूप यांची फारकत हे आशय-व्यवस्थापन प्रणालीचे मूलतत्त्व म्हणून सांगितले जाते. ग्रंथालयाच्या दृष्टीने ते नवे नव्हते. तालिकाकारांनी ते तीन दशके आधी आचरणात आणले होते. नवल वाटावे ते हे की, स्वतःच्या संकेतस्थळाच्या बाबतीत ग्रंथालयांना हे तत्त्व पुन्हा शिकावे लागले.

४. हाताने लिहिलेली पाने

स्विट्झर्लंडमधील सर्न ह्या संशोधनकेंद्रात टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये ज्या जाळ्याचा प्रस्ताव मांडला, त्याचा अमेरिकेतील पहिला तळ एका ग्रंथालयाच्या गरजेतून उभा राहिला. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रेषीय त्वरक केंद्रातील भौतिकीज्ञ पॉल कुन्झ सप्टेंबर १९९१ मध्ये सर्नला गेले असता त्यांना हे जाळे दाखविण्यात आले. परतल्यावर त्यांनी केंद्राच्या ग्रंथपाल लुईझ ॲडिस यांच्याशी चर्चा केली. उच्च-ऊर्जा भौतिकीतील निबंधांची स्पायर्स नावाची संदर्भनोंद ॲडिस यांच्या देखरेखीखाली होती आणि ती दूरच्या संशोधकांपर्यंत सुलभपणे पोहोचविण्याची निकड त्यांना जाणवत होती. १२ डिसेंबर १९९१ रोजी केंद्राचा तळ सुरू झाला. युरोपबाहेरील हा पहिला तळ होय. जाळ्याच्या प्रसाराचे हे पहिले मोठे कारण ग्रंथसूची हे होते, ही गोष्ट ग्रंथालयाच्या इतिहासात अधोरेखित करण्यासारखी आहे.

सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी जाळ्याचे तंत्र सर्वांसाठी खुले केले आणि त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातील केंद्राने मोझाइक हा चित्रमय वाचक प्रसृत केला. त्यानंतर विद्यापीठ-ग्रंथालयांची पाने झपाट्याने निघू लागली. ही पाने हाताने लिहिली जात. प्रत्येक पान ही एक स्वतंत्र फाइल. तिच्यात मजकूर, रंग, मथळा, दुवे असे सर्व काही एकत्र गुंफलेले. ग्रंथालयात ज्या एका-दोघांना ही लिपी येत असे त्यांच्याकडे सर्व मजकूर जाई, आणि तेथे तो रांगेत उभा राही.

एक साधे उदाहरण पाहिले म्हणजे अडचण ध्यानात येते. परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्ष रात्री उशिरापर्यंत उघडा ठेवण्याचे ठरते. ही वेळ मुखपृष्ठावर असते, वाचनकक्षाच्या पानावर असते, नियमांच्या पानावर असते आणि संपर्काच्या पानावरही असते. चारही फाइली उघडून चारही ठिकाणी ती बदलावी लागते. तीन बदलल्या जातात, चौथी राहते, आणि त्या चौथ्या पानावर विसंबून आलेला विद्यार्थी बंद दारापाशी उभा राहतो. ब्रिटिश म्युझियमच्या बांधीव वहीची जुनी अडचण येथे नव्या वेशात परत आली होती.

५. प्रणालीचा उदय

डिसेंबर १९९६ मध्ये पानांच्या दृश्य रूपासाठी वेगळी नियमपत्रे लिहिण्याची पद्धत प्रमाण म्हणून मान्य झाली. पीएचपी ही भाषा आणि मायएस्क्यूएल हा डेटाबेस हे दोन्ही १९९५ मधील. ह्या तिन्हींच्या संयोगातून मजकूर डेटाबेसात, रूप साच्यात आणि पान मागणीच्या क्षणी, अशी रचना अल्पखर्चात शक्य झाली. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाचे विद्यार्थी ड्रीस बॉइटार्ट यांनी वसतिगृहातील मित्रांसाठी केलेला एक सूचनाफलक १५ जानेवारी २००१ रोजी ड्रुपल ह्या नावाने मुक्तस्रोत म्हणून खुला झाला. वर्डप्रेस मे २००३ मध्ये आली. जूमला २००५ मध्ये मांबो ह्या प्रणालीतून फुटून निघाली. ग्रंथालयांना मुक्तस्रोताचा मार्ग अपरिचित नव्हता. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांनी करवून घेतलेली कोहा ही ग्रंथालय-प्रणाली जानेवारी २००० पासून वापरात होती, आणि एमआयटीच्या ग्रंथालयांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या साहाय्याने डीस्पेस हे प्रबंधभांडार २००२ मध्ये प्रसृत केले होते. अमेरिकेतील ॲन आर्बर येथील सार्वजनिक ग्रंथालयाने २००५ मध्ये आपले संकेतस्थळ ड्रुपलवर उभारले. मिशिगन विद्यापीठाचे ग्रंथालय त्याच वाटेने गेले.

प्रणालीच्या अंतरंगात ग्रंथपालाला आपले घर ओळखू येते. आशयाचे प्रकार ठरवावयाचे असतात : सूचना, व्यक्ती, विभाग, डेटाबेस, विषय-मार्गदर्शिका. प्रत्येक प्रकाराचे रकाने ठरवावयाचे असतात. वर्गणीच्या डेटाबेसाचे नाव, प्रकाशक, विषय, वापराच्या अटी आणि वर्गणी संपण्याची तारीख असे रकाने एकदा भरले की तीच एक नोंद अकारविल्हे यादीत दिसते, विषयाच्या पानावर दिसते आणि मुदत संपली की दोन्हीकडून दिसेनाशी करता येते. वाचनकक्षाची वेळ एका ठिकाणी बदलली की चारही पानांवर बदलते. विषयशब्दांची नियंत्रित सूची तर तालिकाकाराच्या हातची जुनीच वस्तू.

खरे नावीन्य अधिकारांच्या पायऱ्यांत होते. मसुदा लिहिणारा एक, तो तपासणारा दुसरा, प्रसिद्ध करणारा तिसरा, अशी वाटणी प्रणालीतच नोंदविता येऊ लागली. नियतकालिक विभागाने नियतकालिकांविषयी लिहावे, हस्तलिखित विभागाने हस्तलिखितांविषयी लिहावे, आणि त्यासाठी कोणालाही लिपी शिकावी लागू नये, असे हे अभिवचन होते. एका-दोघांच्या हातातील लेखणी पन्नासांच्या हातात गेली.

६. नियमावलीचा अभाव

पानिझ्झींच्या काळात लेखणी वाटली गेली तेव्हा नियमही लिहिले गेले. संकेतस्थळाच्या बाबतीत अनेक ठिकाणी लेखणी आधी वाटली गेली आणि नियम मागाहून आले, किंवा आलेच नाहीत. परिणाम अपेक्षित असाच होता. एकाच सेवेला तीन विभागांनी तीन नावे दिली. विषय-मार्गदर्शिका लिहिणारा ग्रंथपाल निवृत्त झाला आणि त्याची पाने कोणाचीच राहिली नाहीत. परंतु ती वाचकाला दिसत राहिली. प्रणालीला आशय-व्यवस्थापन हे नाव असले तरी ती आशयाची साठवण आणि मांडणी करते. व्यवस्थापन मनुष्यांनाच करावे लागते : प्रत्येक पानाला जबाबदार व्यक्ती नेमणे, वर्षातून एकदा सर्व पाने वाचून काढणे, कालबाह्य मजकूर मागे घेणे. हे काम तालिकेच्या दुरुस्तीइतकेच नीरस आणि तितकेच आवश्यक आहे.

दुसरी अडचण प्रणालीच्या आयुष्याची. लाकडी खणांची तालिका अनेक दशके विशेष देखभालीवाचून टिकते. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीतील एक गंभीर दोष जाहीर झाला, तेव्हा घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपले स्थळ परक्यांच्या हाती गेले असे समजावे, असा इशारा तिच्या सुरक्षा-मंडळाला द्यावा लागला. ह्या आवृत्तीचा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी अधिकृतपणे संपला. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीची घडण इतकी निराळी होती की, सातव्यातून तिच्यात जाणे म्हणजे साचे आणि जोडण्या नव्याने लिहिणे होते. ज्या ग्रंथालयात संगणक-विभागाचा एखादाच कर्मचारी असतो त्याच्यासाठी हा भार लहान नसतो. साहजिकच काही ग्रंथालये विषय-मार्गदर्शिकांसाठी २००७ मध्ये निघालेल्या लिबगाइड्ससारख्या वर्गणीच्या सेवांकडे वळली. तेथे देखभाल दुसऱ्याची, परंतु घरही दुसऱ्याचे.

७. भारतीय संदर्भ

भारतात विद्यापीठ-ग्रंथालये जोडण्याचा प्रयत्न १९९१ मध्ये इन्फ्लिबनेट ह्या योजनेने सुरू झाला. पुण्याच्या आयुका ह्या खगोलविज्ञान केंद्राच्या छत्राखाली तिचा आरंभ झाला आणि १९९६ मध्ये ती स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र बनली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये प्रबंधांच्या संगणकीय प्रती जमा करण्याचा नियम केला, आणि त्यातून डीस्पेसवर आधारलेले शोधगंगा हे भांडार वाढले. प्रबंधांची सोय केंद्रीय पातळीवर झाली. ग्रंथालयाने स्वतःविषयी लिहिलेल्या मजकुराची सोय मात्र ज्याच्या त्याच्यावर राहिली.

मराठीत लिहिणाऱ्या ग्रंथालयांपुढे आणखी एक प्रश्न होता. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. परंतु कार्यालयांतील टंकलेखन दीर्घकाळ निरनिराळ्या खासगी टंकांतून होत राहिले. अशा टंकातील मजकूर यंत्राच्या दृष्टीने रोमन अक्षरांचा असंबद्ध समूह असतो. तो टंक असेल तेथेच तो मराठी दिसतो, आणि शोधयंत्राला तर तो कधीच सापडत नाही. मायएस्क्यूएल डेटाबेसही, वेगळी सूचना न दिल्यास, २०१८ मधील आठव्या आवृत्तीपूर्वी पश्चिम युरोपीय अक्षरसंचच गृहीत धरीत असे. स्थानिक पातळीवर बांधलेल्या प्रणालीत ही सूचना द्यावयाची राहिली की मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी उरत. म्हणून मराठी ग्रंथालयांना मजकूर नव्या प्रणालीत नेताना केवळ स्थलांतर पुरेसे नसते; लिप्यंतराचे कामही करावे लागते. जेथे ते झाले नाही तेथे जुना मजकूर टाकून देण्यात येतो, कारण टाकणे सोपे असते.

८. उरणारा पुरावा

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर प्रश्न येथून सुरू होतो. तालिकापत्रावर जुन्या ग्रंथपालाचे अक्षर असते. खोडलेला विषय आणि त्यावर लिहिलेला नवा विषय दोन्ही दिसतात. त्यावरून एखाद्या विद्याशाखेची कल्पना कशी बदलली हे अभ्यासकाला ताडता येते. छापील नियमावलीच्या प्रती कोठेतरी उरतात. आशय-व्यवस्थापन प्रणालीत मात्र पान अशी वस्तूच साठविलेली नसते. वाचकाने मागणी केली की रकाने, साचा आणि सूची एकत्र येऊन पान घडते आणि वाचून होताच विरते. पूर्वीच्या आवृत्त्या जपण्याची सोय ह्या प्रणालींत आहे. परंतु तिने मजकूर उरतो, तो वाचकाला ज्या मांडणीत आणि ज्या इतर मजकुराच्या शेजारी दिसला ती मांडणी उरत नाही. प्रणाली बदलताना ह्या जुन्या आवृत्त्या सोबत नेल्या नाहीत, तर त्याही जातात. २००८ मध्ये एखाद्या विद्यापीठ-ग्रंथालयाने संशोधकाला कोणती साधने महत्त्वाची म्हणून सांगितली, कोणत्या विषयाला मुखपृष्ठावर जागा दिली, बाहेरच्या वाचकाला प्रवेश दिला की नाकारला, हे सांगणारा पुरावा अनेक ठिकाणी त्या ग्रंथालयापाशीच नसेल.

इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जाळ्यावरील पानांची टिपणे घेत आली आहे आणि २००१ पासून ती वाचकांना खुली आहेत. अशा टिपणांसाठीचा वार्क हा साठवण-प्रकार २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला. परंतु दूरच्या संस्थेने अधूनमधून घेतलेल्या टिपणावर एखाद्या विद्यापीठाचा इतिहास सोपविणे उचित नव्हे. शोधचौकटीमागे असलेली आणि प्रवेशाची अट असलेली पाने त्या टिपणांत येतच नाहीत.

ह्या संदर्भात स्टॅनफर्डचे उदाहरण बोधप्रद आहे. त्वरक केंद्राची आरंभकालीन पाने २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या ग्रंथालयांनी पुन्हा वाचनीय केली. हे शक्य झाले, कारण केंद्रातील मंडळींनी त्या फाइली जपून ठेवल्या होत्या, आणि ती पाने साध्या, स्वयंपूर्ण फाइली होती. जी पद्धत पुढे गैरसोयीची म्हणून टाकून देण्यात आली तिच्यातील पान वीस वर्षांनंतर उघडून वाचता आले. तिच्यानंतर आलेल्या अधिक सोयीच्या पद्धतीतील पान, तिचा डेटाबेस, भाषा आणि साचा ही सर्व एकाच वेळी हाताशी असल्याखेरीज, उघडणार नाही.

यावरून प्रणाली नाकारावी असा निष्कर्ष निघत नाही. चार ठिकाणी वेळ बदलण्याच्या जुन्या दिवसांकडे परत जाण्याचे कारण नाही. निष्कर्ष इतकाच की, मजकूर चल करण्याबरोबर त्याची स्थिर प्रत ठेवण्याची जबाबदारीही आली आहे. सत्राच्या आरंभी आणि अखेरीस संपूर्ण संकेतस्थळाचे मानक स्वरूपातील टिपण घेणे, ते विद्यापीठाच्या अभिलेखात दाखल करणे, कोणत्या पानाला कोण जबाबदार होते याची यादी त्यासोबत ठेवणे आणि प्रणाली बदलण्यापूर्वी जुनीचे अखेरचे टिपण घेतल्याशिवाय ती बंद न करणे, ही कामे आजच्या साधनांत होण्यासारखी आहेत. त्यांना मोठा खर्च लागत नाही. ती कोणाची हे ठरावे लागते. इतरांच्या लेखनाचे जतन करण्यात ग्रंथपालाचा व्यवसाय पिढ्यानपिढ्या रमला आहे. संकेतस्थळावरील मजकूर हे त्याचे स्वतःचे लेखन असून, त्यालाही दाखलनोंद क्रमांक मिळावयास हवा.